शिवडी ते तळेगाव : एका अमेरिकन मोटार कंपनीची दोन आगमने



मराठी वाङ्मयाच्या अध्यापनात हयात घालविलेल्या माणसाने मोटारींच्या कंपनीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची इतिहास शिकविण्याची रीतच तशी होती. राजांच्या वंशावळी पाठ करण्याआधी आपल्या गावच्या बाजारात जी वस्तू दिसते ती कोठून आली, कोणी आणली, हे विचारावे, असा त्यांचा आग्रह असे. कापसाच्या हंगामात आमच्या गावात एक जुनी लॉरी येत असे. क्लीनर पुढे उभा राहून हँडल मारी, आणि इंजिन एकदाचे धडधडू लागले की आम्ही पोरे टाळ्या पिटीत असू. तिच्या नाकावर आडवे ताणलेले अधिकाचे चिन्ह होते. ते शेवरले कंपनीचे चिन्ह, असे गुरुजींनी सांगितले. गाडी मूळची अमेरिकन, जोडली मुंबईत. “म्हणजे गुरुजी, मुंबईत केली?” असे मी विचारले. “अरे, जोडली म्हणालो मी. केली म्हटले नाही,” असे ते उत्तरले. जोडणे आणि घडविणे या दोन क्रियापदांतला फरक मला व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकाने इतका नीट समजावला नाही. आजचे माझे निवेदन त्या एका उत्तराचा विस्तार आहे, असे समजावे.

शेवरले हे ज्या कंपनीचे अपत्य, ती जनरल मोटर्स. तिची स्थापना १६ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट या गावाच्या एका उद्योजकाने केली. विल्यम ड्यूरँट हे त्याचे नाव. हा गृहस्थ मुळात घोडागाड्यांचा कारखानदार. मोटारींविषयी आरंभी त्याला प्रेम नव्हते, उलट तिटकाराच होता, असे म्हणतात. पण ब्यूइक मोटारीचा कारभार हाती आल्यावर त्याने ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या झपाट्याने विकत घेऊन एका छत्राखाली आणल्या. कर्ज इतके झाले की १९१० मध्ये सावकारी बँकांनी त्याला बाजूस सारले. त्याने लुई शेवरले या शर्यतपटूच्या नावाने १९११ साली दुसरी कंपनी काढली, आणि तिच्या बळावर १९१६ मध्ये जनरल मोटर्सचा ताबा परत मिळविला. १९२० मध्ये तो पुन्हा गमावला, तो कायमचा. अखेरच्या काळात हा माणूस फ्लिंटमध्ये चेंडूने बाहुल्या पाडण्याच्या खेळाचे एक केंद्र चालवीत होता. १९४७ साली तो वारला.

ड्यूरँटने जमविलेला हा पसारा ज्याने सुसूत्र केला तो आल्फ्रेड स्लोन. १९२३ साली तो अध्यक्ष झाला. त्या वेळी हेन्री फोर्ड एकच साधी, स्वस्त, टिकाऊ गाडी वर्षानुवर्षे काढीत होता. स्लोनने उलटा विचार केला. प्रत्येक ऐपतीच्या आणि प्रत्येक कामाच्या माणसासाठी वेगळी गाडी हवी : खालच्या पायरीवर शेवरले, सर्वांत वर कॅडिलॅक, आणि मधल्या पायऱ्यांवर उरलेल्या. कारकुनाने शेवरले घ्यावी आणि बढती मिळाली की पुढची पायरी चढावी. दरवर्षी नवे रूप, नवे रंग, आणि हप्त्याने पैसे फेडण्यासाठी १९१९ पासून कंपनीचीच स्वतःची पतसंस्था. गरजेपोटी होणाऱ्या खरेदीला हौसेची जोड देणारा हा शोध कोणत्याही इंजिनापेक्षा मोठा होता, असे मला वाटते; त्याची किंमत आपण सर्वजण आजही हप्त्याहप्त्याने देत आहोत. तंत्राच्या बाजूनेही या कंपनीचे देणे मोठे आहे. चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि श्रीमंतांच्या गाड्यांतून हँडल हळूहळू गेले. आमच्या लॉरीपर्यंत ते सुख चाळीसएक वर्षांनीही पोहोचले नव्हते, ही गोष्ट वेगळी. याच कंपनीच्या प्रयोगशाळेत १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्ती निघाली. त्या विषारी धुरातून भारताची सुटका व्हायला २००० साल उजाडावे लागले.

१९२८ साली जनरल मोटर्स मुंबईत आली. शिवडीला तिने मोटारींची जुळणी करणारा कारखाना उभारला. या देशातला या प्रकारचा तो पहिलाच. बंदराजवळची जागा मुद्दाम पाहिली होती, कारण सारे सुटे भाग जहाजातून लाकडी खोक्यांत भरून येत. चौकट, इंजिन, चाके, पत्रे असे सारे काही. शिवडीचे कामगार ते एकमेकांस जोडीत, रंग देत आणि गाडी बाहेर काढीत. लॉऱ्या आणि बसगाड्यांचे नुसते सांगाडे विकले जात व त्यांवर लाकडी साटा चढविण्याचे काम गावोगावचे सुतार करीत. माझ्या मते घडविण्याचा खरा धडा या देशाने तेथेच गिरविला, कारखान्याबाहेर, सुताराच्या पडवीत. कंपनीच्या पाठोपाठ तिच्या जाहिराती करणारी जे. वॉल्टर थॉम्पसन ही संस्था १९२९ साली मुंबईत आली, आणि आधुनिक जाहिरातकलेचे एक मोठे विद्यालय त्यामुळे येथे उभे राहिले. गाडी विकण्यासाठी ती हवीशी वाटावी लागते, हे स्लोनचे सूत्र त्या वाटेने मुंबईस पोहोचले.

आपल्या भागाचे चित्र त्या वेळी निराळे होते. आदिलाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात. तेथील सरकारी बससेवा १९३२ साली सुरू झाली ती अवघ्या २७ गाड्यांनिशी. पैनगंगेच्या काठच्या खेड्यांना बैलगाडीच खरी. म्हणून आमच्या लॉरीचे अप्रूप.

आता गुरुजींच्या उत्तराकडे येतो. जोडण्यात समाधान न मानणारी दोन माणसे त्या काळी मुंबईत खटपट करीत होती. एक विख्यात अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि दुसरे सोलापुरात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद. विश्वेश्वरय्यांनी सत्तरी ओलांडल्यावर १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटार कारखान्याची योजना आखली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने तिला सहानुभूती दाखविली, पण १९३९ साली ते मंत्रिमंडळच गेले. वालचंदांनी फोर्डशी बोलणी केली, ती जुळली नाहीत. क्रायस्लरशी १९४० मध्ये जुळली. मग युद्ध सुरू असल्याचे कारण सांगून इंग्रज सरकारने हात आखडता घेतला. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिले वाहन बाहेर पडले. तेही आरंभी जोडलेलेच होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. फरक हेतूचा होता. आज जोडू, उद्या एकेक भाग येथेच करू, हा संकल्प वालचंदांच्या कारखान्यात होता. शिवडीत तो नव्हता. शिवडीचा कारखाना पंचवीस वर्षे चालूनही इंजिन समुद्रापलीकडूनच येत राहिले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हाच प्रश्न विचारला. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असे ठरले की, ज्यांच्यापाशी टप्प्याटप्प्याने येथेच उत्पादन करण्याची योजना असेल त्यांनीच या धंद्यात राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनीही गाशा गुंडाळला. १९५४ मध्ये शिवडीचे काम थांबले. या निर्णयावर पुष्कळ टीका झाली आहे. पुढली तीस वर्षे ग्राहकाला दोन-तीन प्रकारच्या गाड्यांवर समाधान मानावे लागले आणि त्याही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळत, हे खरेच आहे. तरी मला तो निर्णय योग्यच वाटतो. कुर्ल्याच्या फियाटीचे भाग करता करता मुंबई-पुण्याच्या लहान कारखान्यांतून जे कारागीर तयार झाले, त्यांच्याच खांद्यावर पुढचा वाहनउद्योग उभा राहिला. त्या गाडीचे पद्मिनी हे नाव आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप मुंबईने २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत जपले.

इकडे कंपनीचे मूळ घर कसे होते? १९३१ पासून २००७ पर्यंत, सलग ७७ वर्षे, जनरल मोटर्स जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी होती. या वैभवाला दुसरी बाजू आहे. फ्लिंटच्या कामगारांनी ३० डिसेंबर १९३६ रोजी ऐन हिवाळ्यात कारखान्यातच ठिय्या दिला. ४४ दिवस ते यंत्रांपाशी बसून राहिले. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीने त्यांच्या संघटनेला मान्यता दिली. अमेरिकन कामगाराचे सुस्थितीतले जीवन तेथून सुरू झाले. पुढे जपानी गाड्यांशी स्पर्धा वाढली, कारखाने बंद होत गेले आणि फ्लिंटची वस्ती निम्म्याहून खाली आली. १ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकन सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर ओतून तिला वाचविले. त्यांतले दहा अब्जांहून अधिक परत आले नाहीत. फ्लिंटला वाचविणारे मात्र कोणी नव्हते. २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचविण्यासाठी त्या शहराला नदीचे पाणी देण्यात आले. ते पाणी इंजिनाचे भाग गंजविते, असे दिसताच कंपनीने त्याच वर्षी आपल्या कारखान्यापुरते पाणी बदलून घेतले. माणसांना जुने पाणी परत मिळाले ते २०१५ च्या ऑक्टोबरात, आणि तोवर शिशाचा अंश असंख्य मुलांच्या पोटात गेला होता. ही हकिगत मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो.

कंपनीचे दुसरे आगमन १९९४ चे. बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सशी भागीदारी, गुजरातेत हालोलचा कारखाना, १९९६ मध्ये ओपेल ॲस्ट्रा. १९९९ साली भागीदारी संपून सारा कारभार कंपनीकडे आला आणि २००३ मध्ये शेवरले हे नाव भारतात परतले. पाठोपाठ आलेली टवेरा तर आपल्या रस्त्यांवर घरची झाली. आठांच्या जागेत चौदा बसवून बाजाराला जाणारी टवेरा ज्याने पाहिली नाही असा श्रोता या मंडपात नसेल. तिच्या नाकावर तेच आडवे अधिकाचे चिन्ह पाहून मला लॉरीची आठवण होई. २०१३ मध्ये धुराच्या तपासणीत लबाडी झाल्याचे उघडकीस आल्याने कंपनीने १,१४,००० टवेरा दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या, हेही नोंदविले पाहिजे.

सप्टेंबर २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला दुसरा कारखाना सुरू झाला. या वेळी जोडणी आणि घडण हा जुना भेद उरला नव्हता. तळेगावात इंजिनेही होऊ लागली, तेथील बीट गाडी मेक्सिकोपर्यंत गेली. गुरुजी असते तर “आता केली म्हणा” असे म्हणाले असते. आणि तरीही कंपनी गेली. मे २०१७ मध्ये तिने भारतातील विक्री थांबविण्याचे जाहीर केले. हालोल चिनी कंपनीकडे गेले. तळेगावचे निर्यातीचे काम डिसेंबर २०२० मध्ये संपले. त्याच सुमारास तिने युरोपातील ओपेल विकली, ऑस्ट्रेलियातील होल्डनही मिटविली. तळेगावच्या कामगाराच्या हातात दोष नव्हता. डेट्रॉइटच्या हिशेबात भारताचे पान तोट्याचे निघाले, इतकेच. १९५४ साली येथील सरकारने अट घातली म्हणून कंपनी गेली. २०१७ साली कोणी अट घातली नव्हती. घडविण्याचे कौशल्य येथे आले, पण चालू ठेवण्याचा निर्णय येथे आला नाही.

सुमारे चौदाशे कामगारांना २०२१ मध्ये कमी करण्यात आले. त्यांतले बहुतेक पुणे जिल्ह्यातले आणि आसपासचे, चाळिशीच्या अलीकडचे, घराचे हप्ते डोक्यावर असलेले. त्यांचा न्यायालयीन झगडा पुढे चालला. कारखाना आधी एका चिनी कंपनीस विकण्याचे ठरले होते. तो करार २०२२ मध्ये रद्द झाला. २०२३ साली ह्युंदाईशी करार झाला आणि २०२५ मध्ये तेथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. यंत्रांना नवा धनी मिळाला.

आपल्या आदिलाबादलाही सिमेंटचा सरकारी कारखाना होता. १९८४ साली तो सुरू झाला आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंद पडला. येथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरी त्याची ओळखपत्रे अजून ट्रंकेत असतील. विद्यार्थी मित्रहो, शिवडी आणि तळेगावविषयी मी पुस्तकांतून सांगितले; या कारखान्याविषयी सांगणारी माणसे तुमच्या गल्लीत आहेत. तो चालू असताना पगाराचा दिवस कसा असे, शेवटची पाळी कधी झाली, फाटक बंद झाल्यावर कोण कोठे गेले, हे त्यांना विचारा, वहीत उतरवून घ्या आणि तारखा लिहायला विसरू नका. ती वही घेऊन माझ्याकडे आलात, तर मी ती आनंदाने तपासून देईन.