६. व्हेनिसची बैठक

व्हेनिसला फेब्रुवारी-मार्च १८९७मध्ये भरलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद. अशी पहिली परिषद १८५१ साली पॅरिसला झाली. पुढेही मुख्य धास्ती असे ती पटकीची. ही मात्र खास प्लेगसाठी. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हापासून मुंबईचे जहाज म्हटले की युरोपीय बंदरे कान टवकारत. व्यापार अडेल म्हणून क्वारंटाइनला एरवी नाक मुरडणारे इंग्रज सरकारही नमले. साथरोग कायदा ४ फेब्रुवारीलाच झाला आणि त्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी वाहतूक थांबवली गेली.