मिठाच्या शोभिवंत भिंतीची निगा

दिवाणखान्यात, हॉटेलात किंवा योगकेंद्रात शोभेसाठी उभारली जाणारी गुलाबी मिठाची भिंत ही शेंदेलोणाच्या विटांची रचना असते. हे मीठ मिठागरातले नव्हे, तर खाणीतून काढलेले असते. संस्कृतात त्याला सैंधव म्हणजे सिंधू प्रदेशातले असे नाव आहे. या विटांचा मुख्य स्रोत पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातील खेवडा येथील खाण असून, लोहाच्या अंशामुळे त्यांना गुलाबी छटा येते. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी मालाच्या आयातीवर बंदी घातली. त्यामुळे झिजलेल्या विटेच्या जागी तशीच वीट मिळणे कठीण झाले असून, आहे ती भिंत जपणे अधिक महत्त्वाचे ठरले आहे.

ओलावा आणि मीठ

हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प शोषून घेऊन विरघळू लागते. पंचगंगेच्या खोऱ्यातील कबनूर, इचलकरंजी परिसरात पावसाळ्यात हवा वारंवार ही मर्यादा ओलांडते. त्यात हा यंत्रमागांचा भाग. सुती धागा तुटू नये म्हणून विणकाम दमट हवेतच चांगले होते आणि सुताची धूळही सतत उडत असते. ही धूळ ओलसर मिठावर बसली की करडा, चिकट थर तयार होतो.

पोलंडमधील व्येलिच्का येथील मिठाच्या खाणीतही हाच प्रश्न उद्भवला होता. मिठात कोरलेली शिल्पे दमट हवेमुळे झिजू लागल्याने १९८९ मध्ये ही खाण 'युनेस्को'च्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत गेली. हवा कोरडी करणारी यंत्रणा बसवल्यानंतर १९९८ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली.

स्वच्छता कशी करावी?

* आठवड्यातून एकदा मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झाडावी. पाणी, साबण किंवा फरशी पुसण्याची द्रावणे मुळीच वापरू नयेत.

* चिकट डागांसाठी मिठाचे संपृक्त पाणी उपयोगी पडते. एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळते. त्याहून थोडे जास्त घालून तळाशी मीठ शिल्लक राहू द्यावे. अशा पाण्यात आणखी मीठ विरघळत नसल्याने वीट झिजत नाही. त्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने डाग पुसावा आणि लगेच कोरडे फडके फिरवावे.

* पृष्ठभागावर आलेली पांढरी पुटे बारीक पॉलिश पेपरने अलगद घासून काढावीत.

* भिंतीमागे दिवे असल्यास सफाईपूर्वी वीजपुरवठा बंद करावा. खारट ओल वायरच्या जोडांपर्यंत गेल्यास ते गंजतात आणि शॉर्टसर्किटचा धोका असतो.

पावसाळ्यातील काळजी

खोलीत आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राखण्याचा प्रयत्न करावा. पावसाच्या दिवसांत खिडक्या बंद ठेवून एसी 'ड्राय' मोडवर चालवावा किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र लावावे. पाण्याचा कूलर मात्र त्या खोलीत नको, कारण तो हवेत ओलावा वाढवतो. स्वयंपाकघर व न्हाणीघरालगतची जागाही टाळावी. खोली बरेच दिवस बंद राहणार असल्यास भिंत प्लॅस्टिकच्या कागदाने चहूबाजूंनी झाकावी.

मागची भिंत विसरू नये

मिठातून पाझरलेले पाणी मूळ विटकामात शिरले की तेथे लोणा येतो, रंगाचे पोपडे सुटतात आणि सळ्या गंजतात. म्हणून मीठ आणि भिंत यांमध्ये ओल न झिरपणारा थर असावा, तळाशी पाणी गोळा करणारी पन्हळ असावी आणि खिळे-पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. वजनाचाही विचार हवा. पाच सेंटिमीटर जाडीच्या विटांचा एक चौरस मीटर भाग १०० किलोहून अधिक भरतो. तळातल्या विटा झिजल्या तर वरचा सारा भार डळमळतो. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर सांधे तपासावेत आणि सैल झालेली वीट वेळीच बसवून घ्यावी.

अशा भिंतीमुळे हवा शुद्ध होते किंवा दमा बरा होतो, या दाव्यांना भक्कम शास्त्रीय आधार नाही. दम्याच्या रुग्णांनी औषधे बंद करू नयेत. घरातील कुत्र्या-मांजरांना भिंत चाटू देऊ नये, कारण जास्त मीठ पोटात गेल्यास त्यांना विषबाधा होऊ शकते. शोभेची वस्तू म्हणून मात्र कोरडी ठेवलेली मिठाची भिंत अनेक वर्षे टिकते.