आडवी बाटली, उभी चिमणी

चंद्रपूर आणि गडचिरोली हे 26 ऑगस्ट 1982 पर्यंत एकच जिल्हा होते. या मुलखाच्या आरोग्याचा इतिहास मात्र नेहमी दोन वेगळ्या खात्यांत मांडला जातो. दारूचा किंवा सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याचा विषय निघाला की बोलणे माणसाच्या सवयीवर, संयमावर आणि संस्कारांवर येते. कोळशाच्या धुळीचा विषय निघाला की तेच बोलणे विकासावर आणि त्याच्या अपरिहार्य किमतीवर जाते. एकीकडे दोष रुग्णाचा, दुसरीकडे कोणाचाच नाही. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांची सरकारी जमाखर्चाची वही उघडली तर दोन्ही नोंदी एकाच पानावर सापडतात. महसूल तिजोरीत जमा झाला आणि आजार घराघरांत खर्ची पडले. माझे म्हणणे असे की, या दोन जिल्ह्यांत नुकसान जिथे कुठे कमी झाले, तिथे ते सोसणाऱ्यांच्या हाती निर्णय आला म्हणून झाले. केवळ कायदा कडक होता म्हणून ते कुठेच झाले नाही.

सुरुवात मोहापासून करावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पालापाचोळा झाडून किंवा जाळून जमीन मोकळी करायची, पहाटे गळलेली फुले टोपलीत वेचायची आणि उन्हात वाळवून साठवायची, हा गोंड-माडिया कुटुंबांचा वर्षाचा आधार होता. हीच फुले अन्न होती, बाजारात विकायचा माल होती आणि दारूही होती. फुले पाण्यात काही दिवस भिजत घालून आंबवायची. हा सडवा भट्टीवर चढवायचा आणि नळीतून येणारी वाफ थंड करून धार गोळा करायची. पूजेला, लग्नाला, मयताला ती लागे. 1854 मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, इंग्रजी अमलात आले आणि या धारेवर अबकारी खात्याची नजर गेली. घरची भट्टी गुन्हा ठरली आणि ठेकेदाराची भट्टी परवान्याची झाली. लिलावात जास्त बोली लावणाऱ्याला दारू गाळण्या-विकण्याचा हक्क मिळे, त्यामुळे बोलीचा पैसा वसूल करण्यासाठी जास्त खप करणे हाच त्याचा धंदा झाला. ऋतूबरोबर येणारी आणि सणाबरोबर संपणारी दारू बारमाही दुकानात आली. 1919 च्या सुधारणांनंतर अबकारी खाते प्रांतिक मंत्र्यांकडे आले आणि शिक्षण व आरोग्यही त्यांच्याकडेच आले. म्हणजे शाळेचा आणि दवाखान्याचा पैसा दारूच्या दुकानातून यायचा. 1937 नंतर गांधीजी प्रांतिक मंत्रिमंडळांना विचारत होते ते याच गाठीबद्दल. ती गाठ पुढे राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदानेही सुटली नाही. व्यसनाधीनता कमी करणे हे राज्याचे कर्तव्य आणि अबकारी कर हे राज्याचे उत्पन्न, असे दोन्ही एकाच घरात नांदत राहिले.

दुसरे खाते कोळशाचे. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकात सरकारनेच चालवली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. पुढे बल्लारपूर, घुग्घूस, राजुरा, माजरी असा कोळशाचा पट्टा वाढत गेला. बल्लारपुरात कागद कारखाना आला, सिमेंटचे कारखाने आले. 1980 च्या दशकात दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. आज त्याची क्षमता 2920 मेगावॅट आहे. वीज राज्यभर जाते, राख इथेच राहते. उघड्या ट्रकमधून सांडणारी धूळ, चिमणीतून उडणारी राख आणि उन्हाळ्यात 47 अंशांपर्यंत चढणारे तापमान हे सगळे एकाच माणसाच्या छातीवर येते. जाड धूळ नाकात अडते. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक कण मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत जातात आणि तिथून रक्तात उतरतात. दमा आणि खोकला वरवर दिसतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाढता धोका दिसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषणाचे मोजमाप केले, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांसह चौथे आले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद एवढेच त्याच्या पुढे होते. 2010 च्या जानेवारीत नव्या उद्योगांना तात्पुरती मनाई झाली, ती यथावकाश उठली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्ये मद्याला, 2004 मध्ये सुपारीला आणि 2013 मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या एकाच गटात टाकले. विज्ञानाने ही तीन नावे शेजारी बसवली, आपल्या प्रशासनाने अजून बसवलेली नाहीत.

दारूच्या खात्यात मात्र इथे एक वेगळी गोष्ट घडली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात 1980 च्या दशकात ग्रामसभा उभी राहू लागली, तेव्हा बायकांनी आधी दारूचा प्रश्न पुढे केला. चर्चा लांबली आणि शेवटी सगळ्यांच्या संमतीने बंदी ठरली. देवकार्यापुरती मोहाची दारू चालेल, रोजची नाही, असा गावाचा नियम झाला. याच काळात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आणि इतर कार्यकर्त्यांनी गावोगाव दारूमुक्तीचे आंदोलन चालवले आणि 1993 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेने दारूबंदीसाठी 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर महिलांचा पायी मोर्चा नेला. समिती नेमली गेली, वर्षे गेली आणि 1 एप्रिल 2015 पासून बंदी आली. 27 मे 2021 रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. कारणांत अवैध दारू होती, वाढती गुन्हेगारी होती आणि बुडालेला महसूलही होता. सरकारी हिशेबात गमावलेला कर नेमका मांडता येतो. वाचलेली मजुरी, टळलेली मारहाण आणि न बिघडलेले यकृत यांसाठी त्या वहीत रकानाच नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो संस्कृतीचा. मोहाची दारू आदिवासींच्या देवधर्माचा भाग आहे, ती बंद करणारे बाहेरचे सुधारक कोण? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर मेंढ्याने आधीच दिले आहे. परंपरा आणि धंदा यांतली रेघ गावाने स्वतः ओढली. परंपरेच्या नावाने ठेकेदाराच्या देशी दारूचा आणि गूळ-नवसागर घालून गाळलेल्या हातभट्टीचा बचाव करता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बंदी फसते. तीस वर्षांनंतरही गडचिरोलीत मोहसडवा पकडल्याच्या बातम्या येतातच, आणि बंदीच्या काळात चंद्रपुरात चोरट्या दारूत बायका-मुलेही ओढली गेली. हे खरे आहे. पण यातून बंदी निरुपयोगी असे सिद्ध होत नाही, कायदा एकट्याने पुरत नाही एवढेच सिद्ध होते. म्हणून तर कायद्यानंतर दोन दशकांनी, 2016 मध्ये, गडचिरोलीत दारू-तंबाखूविरोधी ‘मुक्तिपथ’ उपक्रम सुरू करावा लागला. फरक इथे आहे: गडचिरोलीत जिल्ह्याच्या बंदीआधी गावांचे ठराव होते. चंद्रपुरात मागणी बायकांची असली, तरी अंमल सर्वस्वी पोलिसांवर सोडला गेला, आणि तोही खाणी-कारखान्यांच्या, ठेका मजुरांच्या, रोज नवी माणसे येणाऱ्या शहरांत.

तिसरा आक्षेप या दोन विषयांना एकत्र बांधण्यालाच आहे. दारू माणूस स्वतः पितो, धूर त्याला ओढावा लागतो, मग तुलना कशी? पण स्वेच्छा एवढी सरळ नसते. बारा तास उन्हात, धुळीत राबणाऱ्या मजुराला भूक मारायला आणि जागे राहायला खर्रा लागतो. प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून मळलेली ती पुडी गालात धरली की काही तास निघतात, आणि काही वर्षांनी तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासे होते. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, तरी खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. ज्याच्या कामाची जागा आधीच रोगट आहे, त्याच्या व्यसनाला निव्वळ निवड म्हणणे हे हिशेब टाळणे आहे. आणि दारुड्याच्या बायकोने तर काहीच निवडलेले नसते. तिच्या दृष्टीने नवऱ्याची बाटली आणि वीज केंद्राची चिमणी, दोन्ही दुसऱ्याच्या निर्णयाने तिच्या घरात आलेल्या असतात.

म्हणून निर्णयाच्या हक्काचा प्रश्न मध्यवर्ती ठरतो. दारूच्या बाबतीत महाराष्ट्राने तो हक्क थोडाफार दिला. गावातल्या किंवा प्रभागातल्या महिला मतदारांपैकी पंचवीस टक्के जणींनी मागणी केली की मतदान होते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी छापलेली असते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा निर्बंध आणण्याचा अधिकार 1996 च्या पेसा कायद्याने दिला. खाण, सिमेंट किंवा वीज प्रकल्पासाठी मात्र जनसुनावणी असते. तिथे माइक मिळतो, मत मिळत नाही. बोललेले इतिवृत्तात जाते, निर्णय दुसरीकडे होतो. एटापल्लीच्या सूरजागड लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी 2022 मध्ये जिल्हा मुख्यालयी झाली, खाणीच्या गावांपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. मत मोजणे अशक्य आहे असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2013 मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीवर निर्णय दिला आणि बाराही ठिकाणी तो नकार होता.

प्रत्येक प्रकल्प गावाने नाकारावा, असा याचा अर्थ नाही. वीज लागते, काम लागते, आणि लोक हे जाणतात. काही गावे अटी घालून होकारही देतील. पण अटी घालण्याची ताकद नकाराच्या हक्कातूनच येते. आडव्या बाटलीचा हक्क मिळाला म्हणून दुकानदाराला गावाशी बोलावे लागले. चिमणीबाबत तो हक्क येईपर्यंत चंद्रपूरची धूळ अहवालांत मोजली जात राहील आणि तिचे बिल जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात फाटत राहील.