गहाण पडलेला छापखाना आणि आपला कॅमेरा

६ डिसेंबर जवळ आला की बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेची काळी-पांढरी दृश्ये आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरू लागतात. आपण ती बघतो, डोळे पुसतो, पुढे पाठवतो. त्या दिवशी कॅमेरा कोणी लावला, त्याचे भाडे कोणी भरले, रीळ कोणाच्या पैशातून आले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच रात्री विमानाने पार्थिव मुंबईला आले, राजगृहावर ठेवले गेले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीकडे अंत्ययात्रा निघाली. म्हणजे बातमी कळल्यापासून हातात जेमतेम एक दिवस. चित्रपटक्षेत्रात काम केलेले लेखक नामदेव व्हटकर यांच्या लक्षात आले की हा प्रसंग फिल्मवर टिपला गेला पाहिजे, पण त्यासाठी हातात पैसा नाही. त्यांनी स्वतःचा छापखाना गहाण ठेवला, कॅमेरा भाड्याने घेतला, रिळे मिळवली आणि चित्रीकरण केले. त्या काळी फिल्म म्हणजे काय खर्च होता, हे आजच्या मोबाईलवाल्या पिढीला कळायचे नाही. ३५ मि.मी.ची हजार फूट फिल्म पडद्यावर अकरा मिनिटे चालते. बटण दाबले की पैसा जळायला सुरुवात.

ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण मला ती वाचताना दरवेळी एक बोच लागते. लाखो माणसे रस्त्यावर उतरवू शकणाऱ्या चळवळीकडे त्या दिवशी स्वतःचा एक कॅमेरा नव्हता, रिळासाठी बाजूला ठेवलेला निधी नव्हता. एका माणसाचे पोट ज्या छापखान्यावर चालत होते तो गहाण पडला, तेव्हा इतिहास टिपला गेला. १९५६ सालच्या गिरणी कामगारांना आणि शेतमजुरांना याबद्दल मी दोष देत नाही. त्यांच्याकडे होतेच काय? पण आज २० हजारांचा फोन खिशात घेऊन फिरणाऱ्या आपल्याला तो प्रश्न टाळता येणार नाही.

आज प्रत्येक तालुक्यात आपली दोन-चार पोरे कॅमेरा घेऊन फिरताना दिसतात. कोणी हप्त्यावर डीएसएलआर घेतलाय, कोणी लग्नाच्या ऑर्डरी घेतो, कोणी यूट्यूब चॅनल काढलेय. १४ एप्रिलला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर ही पोरे रात्रंदिवस राबतात. आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक चॅनल बंद पडतात. कारण विचारले की उत्तर ठरलेले: समाज साथ देत नाही. हे उत्तर अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे बाबासाहेबांच्या पत्रांच्या इतिहासात सापडते, म्हणून जरा मागे जाऊ.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले. ही रक्कम किती मोठी? बाबासाहेबांना तेव्हा सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपये पगार होता. म्हणजे एका प्राध्यापकाचा साडेपाच महिन्यांचा पगार. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव लावता येत नव्हते, म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले. नव्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. म्हणजे बाजारात उतरण्याआधीच बाजाराचा दरवाजा बंद.

बाबासाहेबांना बाजारातली जात आधीपासून माहीत होती. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर त्यांनी शेअर बाजारातल्या गुंतवणुकीवर सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस सल्ला देणार, यापेक्षा लायक कोण? पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. आपल्या ज्या पोराच्या स्टुडिओच्या पाटीवर अशोकचक्र किंवा भीमाचे नाव आहे, त्याला लग्नसराईत गावातल्या कोणत्या आळीतून ऑर्डर येते आणि कोणत्या आळीतून येत नाही, हे त्याला विचारा. शंभर वर्षांत पाटी बदलली, गिऱ्हाईक तेवढे बदलले नाही. तेव्हा धंद्याचा आराखडा करताना हा तोटा पहिल्या ओळीत धरावा लागतो. तो न धरता दुसऱ्याच्या स्टुडिओचा हिशेब आपल्याला लावला की सहा महिन्यांत हप्ता थकतो.

आता 'मूकनायका'चे पुढे काय झाले ते पाहा. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. पत्राची जबाबदारी ज्ञानदेव घोलप यांच्याकडे आली. मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. एप्रिल १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. लिहिणारा माणूस एक, मोठा देणगीदार एक, आणि दोघेही जवळ नाहीत. याला मी कोणाचा दोष म्हणत नाही, ही त्या पत्राची बांधणीच होती. गंमत बघा, रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा जगन्मान्य ग्रंथ प्रसिद्ध झाला तो याच १९२३ साली. जो माणूस साम्राज्याच्या चलनाचा हिशेब मांडत होता, त्याचे स्वतःचे पाक्षिक पैशावाचून मिटले.

याची जाणीव त्यांना पहिल्या अंकापासून होती. त्यांनी त्या अंकातच लिहून ठेवले होते की आधीची 'सोमवंशीय मित्र', 'हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक' ही पत्रे निघाली आणि बुडाली. नवा उद्योग सुरू करताना आधीच्यांचे अपयश समोर मांडून बसणे, याला मी ध्येय ठरवणे म्हणतो. आपल्याकडे नवा चॅनल काढताना बंद पडलेल्या पाच चॅनलच्या पोरांना कोणी जाऊन भेटते का? उलट लोगो आधी बनतो.

महाडच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत' निघाले. इथे बाबासाहेब स्वतः संपादक होते, आणि स्वतःच लेखकही. २४-२४ रकाने एकहाती लिहून काढायचे, तेही मोबदल्याशिवाय, वकिली आणि चळवळ सांभाळून. शेवटी वाचकांपुढे त्यांनी प्रश्न ठेवला की या पत्राचे ऋण हे समाजाचे ऋण नाही का. नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही थांबले. बाबासाहेबांसारखा माणूस एकट्याने ओढूनही गाडा अडीच वर्षे चालला, मग तू एकटा शूटिंग, एडिटिंग, थंबनेल आणि वसुली करून किती वर्षे टिकशील, सांग?

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तारीख २४ नोव्हेंबर १९३०. त्या दिवशी 'जनता' सुरू झाले, देवराव नाईक यांच्या संपादकत्वाखाली. आणि बाबासाहेब कुठे होते? लंडनला, पहिल्या गोलमेज परिषदेत. ते लंडनला गेले आणि 'मूकनायक' खचले. दहा वर्षांनी ते लंडनला असताना 'जनता' जन्माला आले. मधल्या दहा वर्षांत माणसे तयार झाली होती. 'समता' काढून देवराव नाईकांचा हात बसला होता, आणि चळवळीचा स्वतःचा भारतभूषण छापखानाही उभा राहिला. 'जनता' पाक्षिकाचे साप्ताहिक झाले, संपादक बदलत गेले, पत्र चालत राहिले. १९५६ च्या फेब्रुवारीत त्याचे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले तेव्हा त्याला पंचवीस वर्षे होऊन गेली होती. पहिल्या दोन पत्रांतला मजकूर कमी धारदार होता म्हणून ती गेली असे कोणी म्हणेल का? बांधणी बदलली म्हणून तिसरे टिकले.

काही जुने कार्यकर्ते इथे चिडतात. 'चळवळीचा धंदा करताय काय?' असे मला तोंडावर विचारले गेले आहे. धंदा या शब्दाची एवढी शिसारी असेल तर जयंतीच्या डीजेला, मंडपवाल्याला, बॅनर छापणाऱ्याला आपण पैसे देतो ते कशाचे? तिथे पावती फाडून मोजून देतो. आपलाच पोरगा कॅमेरा घेऊन दिवसभर उन्हात उभा राहतो त्याला मात्र 'समाजकार्य आहे बाळा' म्हणून वडापाव देतो. बाबासाहेबांनी पत्राची वर्गणी ठरवली होती, जाहिराती मागितल्या होत्या, थकबाकीदारांना आठवणही दिली होती. फुकटचे पत्र त्यांनी चालवले नाही.

आमच्या तालुक्यातल्या चार पोरांचे उदाहरण सांगतो, नावे नको. तीन वर्षे त्यांनी परिसरातले सगळे कार्यक्रम टिपले: जयंत्या, मोर्चे, एका वस्तीवरच्या बहिष्काराचे प्रकरण, दोन म्हाताऱ्या शाहिरांच्या मुलाखती. मग एका गाण्याच्या हक्कावरून चॅनलवर दावा आला. व्हिडिओत मागे भीमगीत वाजत होते, हक्क कोणाकडे याची चौकशी कोणी केलीच नव्हती. चॅनल गेले. पासवर्ड ज्याच्याकडे होता तो नोकरीला पुण्याला गेला होता, अपील करायची मुदत निघून गेली. मूळ फुटेज एकाच हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क पावसाळ्यात बंद पडली. त्या दोन शाहिरांपैकी एक आता हयात नाहीत. बहिष्काराच्या प्रकरणात वकिलाने ते चित्रीकरण मागितले तेव्हा द्यायला काही नव्हते. व्हटकरांकडे निदान गहाण ठेवायला छापखाना तरी होता. इथे पुरावाच हातातून गेला, आणि तो सहा-सात हजारांच्या दुसऱ्या डिस्कअभावी.

त्या पोरांनी नंतर पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी आधी दोनशे पानी वही घेतली. मी त्या बैठकीला होतो. पहिला वाद झाला तो 'आपण नेमके काय करणार' यावरच. एकाला लघुपट करायचा होता, एकाला रोजच्या बातम्या, एकाला फक्त लग्ने. रात्री एक वाजता ठरले ते असे: वर्षभरात परिसरातल्या बारा वृद्ध कार्यकर्त्यांच्या मुलाखती, महिन्याला एक; त्याचा खर्च लग्न आणि वाढदिवसाच्या कामातून; रोजच्या बातम्यांचा नाद सोडायचा. बाराच का? कारण तेवढेच जमेल असे हिशेबात निघाले. प्रत्येक ऑर्डरच्या रकमेतला ठरावीक वाटा डिस्क, बॅटरी आणि दुरुस्तीसाठी बाजूला, तो कोणी उसना मागायचा नाही. प्रत्येक शूटिंगच्या दोन प्रती, दोन वेगवेगळ्या घरांत. पासवर्ड दोघांकडे, आणि एडिटिंग दोघांना आलेच पाहिजे, म्हणजे एक गेला तरी काम अडू नये. कोणाचे गाणे वापरायचे तर गायकाची किंवा कंपनीची लेखी परवानगी, नाहीतर वस्तीतल्याच मुलींकडून नवे गाणे बसवून घ्यायचे. काम घेताना अर्धी रक्कम आगाऊ, आणि काय देणार ते कागदावर. मुलाखत देणाऱ्या बाईलाही आधी सांगायचे की हे कुठे दाखवणार, आणि तिने नको म्हटले तर तो भाग काढायचा.

एका मुद्द्यावर मात्र एकमत झाले नाही. जयंती मंडळाकडून पैसे घ्यायचे की नाही? दोघे म्हणाले, घ्यायचे, दर कमी ठेवू पण पावती फाडू. दोघे म्हणाले, बाबासाहेबांच्या कार्यक्रमाचे पैसे कसे मागायचे. माझे मत विचारले तेव्हा मी पावतीच्या बाजूने बोललो. ते फुकट करत राहिले तर पुढच्या ६ डिसेंबरला कॅमेऱ्याचे भाडे त्यांच्याच कोणाच्या तरी घरातले काहीतरी गहाण ठेवून द्यावे लागेल, हे मला दिसत होते. वाद अजून मिटलेला नाही. १४ एप्रिलच्या आधी पुन्हा बसायचे ठरले आहे. वहीत तोवर सात मुलाखतींची नोंद झाली आहे.