घुबडाचे जठर

घुबडाच्या पचनमार्गातील दोन कप्प्यांचा अवयव. नातेपुते (ता. माळशिरस, जि. सोलापूर) आणि एकूणच माणदेश-नीरा पट्ट्यातील पिंगळा, गव्हाणी घुबड व शृंगी घुबड या तिन्ही जातींत त्याची मूळ रचना सारखीच आहे. भक्ष्य वेगळे : पिंगळ्याचा भर किड्यांवर, गव्हाणी घुबडाचा उंदरांवर, तर शृंगी घुबड घूस, ससाही उचलते.

घुबडाला अन्नपुट (गिळलेले अन्न साठवणारी गळ्याची पिशवी) नसते. सबंध गिळलेला उंदीर रुंद अन्ननलिकेतून थेट ग्रंथिल जठरात उतरतो. या कप्प्याच्या आतल्या पृष्ठावर स्तंभाकार पेशींचा एकेरी थर असतो; त्याचा श्लेष्मा भिंतीला आम्लापासून राखतो. त्याखाली संयुक्त ग्रंथींचे दाट खंड असतात. माणसात आम्ल आणि पेप्सिनोजेन निरनिराळ्या पेशी स्रवतात. पक्ष्यांत दोन्ही कामे एकच पेशी करते. बाहेरून स्नायूंचे थर आणि शेवटी पातळ लसी आवरण.

दुसरा कप्पा पेषणी. कोंबडीच्या पेठ्याचे घट्ट, जाड मांस येथे नाही. घुबडाची पेषणी पातळ भिंतीची व थैलीवजा असते आणि दोन्ही कप्प्यांची सीमा बाहेरून ठळक दिसत नाही. तिच्यातील नलिकाकार ग्रंथींच्या स्रावापासून बनणारे कॉयलिनचे अस्तरही धान्य खाणाऱ्या पक्ष्यांच्या मानाने नाजूक. दळण्यापेक्षा निवडणे हेच या पेषणीचे खरे काम.

निवड जमते ती दोन कारणांनी. पेषणीचे आतड्याकडील द्वार अरुंद असते आणि आम्ल तुलनेने सौम्य. अमेरिकेतील गॅरी ड्यूक व सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात केलेल्या मोजणीत घुबडांच्या जठररसाचा पीएच सरासरी 2.35 भरला, दिनचर शिकारी पक्ष्यांचा 1.6, म्हणजे त्यांची आम्लता पाचपटीहून जास्त. म्हणूनच ससाण्याच्या पेलेटमध्ये, म्हणजे तोंडावाटे टाकलेल्या न पचलेल्या अवशेषांच्या गोळ्यात, हाडे फारशी उरत नाहीत, घुबडाच्या पेलेटमध्ये मात्र उंदराची कवटी दातांसह मिळते. मांस विरघळून पुढे गेले, की पेषणीच्या आकुंचनांनी केस व हाडांतील द्रव पिळला जाऊन गोळा बनतो. तो अन्ननलिकेच्या उलट्या लाटांनी तोंडावाटे बाहेर पडतो. सस्तन प्राण्यांच्या उलटीसारखा पोटाच्या स्नायूंचा जोर त्याला लागत नाही.

जुन्या वाड्याखाली किंवा विहिरीच्या कपारीत पडलेले असे गोळे फोडून घुबडाने काय खाल्ले ते कळते. त्यासाठी पक्षी चिरावा लागत नाही. भारतातील घुबडांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. मृत घुबडही शासनाची मालमत्ता ठरते. ते हाती आल्यास 48 तासांत वनविभागाला किंवा पोलिसांना कळवावे.