दातांची कातडी

इंग्रजीत ‘बाय द स्किन ऑफ माय टीथ’ असा एक वाक्प्रचार आहे. शब्दशः अर्थ, ‘दातांच्या कातडीनिशी’. सुटता सुटता गाडी मिळाली, काठावर पास झालो, अपघातातून वाचलो की तो हमखास वापरतात. पण दातांना कातडी असते का?

या शब्दांचे मूळ बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकात आहे. आम्ही मुसलमान ज्यांना हजरत अय्यूब म्हणतो, तेच हे. सब्र म्हणजे धीर. त्याचे मोजमाप आमच्या घरात त्यांच्याच नावाने होई.

ईयोबाजवळ ७,००० मेंढरे, ३,००० उंट, सात मुलगे आणि तीन मुली होत्या. एका दिवसात सारे गेले. मग अंगभर फोड उठले. सांत्वनाला आलेले तीन मित्र उलट त्यालाच दोष देऊ लागले. तूच काही पाप केले असशील, म्हणाले. त्यांना उत्तर देताना १९ व्या अध्यायात तो म्हणतो की, हाडे कातडीला चिकटली आहेत आणि मी दातांच्या कातडीनिशी सुटलो आहे.

मूळ हिब्रू शब्दांच्या अर्थावर पंडितांत आजही एकमत नाही. काहींना तिथे हिरड्या दिसतात. लॅटिन बायबलने ओठ असा अर्थ घेतला. १५६० च्या जिनिव्हा बायबलने मात्र शब्दाला शब्द ठेवला. हे भाषांतरकार मेरी राणीच्या छळामुळे इंग्लंड सोडून गेलेले प्रॉटेस्टंट होते. तिच्या राज्यात त्यांच्या सुमारे ३०० धर्मबांधवांना जिवंत जाळण्यात आले. निसटणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. पुढे १६११ च्या किंग जेम्स बायबलनेही तेच शब्द ठेवले आणि ते घराघरात पोचले.

आपल्याकडे माणूस ‘बालंबाल बचावतो’. उर्दूतल्या ‘बाल बाल बचना’चा हा सख्खा भाऊ. ‘जिवावरचे शेपटीवर निभावले’ असेही आपण म्हणतो. शेपूट गेली, बाकी सारे शाबूत. ईयोबाचे उलटे आहे. त्याचे सारे गेले आणि जी कातडी मुळात नसतेच, तेवढी उरली. त्याच्या तोंडी हे शब्द सुटकेचे नाहीत, हिशेबाचे आहेत.

म्हणून पूर-भूकंपाच्या बातमीत ‘थोडक्यात बचावले’ असे वाचले की मी थांबतो. काय घेऊन बचावले? घर, गुरे, माणसे गमावलेल्याला आपण सहज म्हणतो, ‘जीव वाचला, हे काय कमी आहे?’ ईयोबाचे मित्रही सांत्वनालाच आले होते. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ नुसते गप्प बसून राहिले. मला वाटते, त्याला खरा आधार वाटला असेल तर तेवढेच दिवस.