समनरचं कोर्ट आणि ६७ मिनिटं

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात समनर हे छोटं गाव. टॅलाहाची काउंटीची मुख्य ठिकाणं दोन, त्यातलं हे एक. चौकात विटांचं जुनं कोर्ट, गोल कमानी, वर घड्याळाचा टॉवर.

सप्टेंबर १९५५ मध्ये इथे एमेट टिलच्या खुनाचा खटला चालला. शिकागोहून नातेवाइकांकडे आलेला हा १४ वर्षांचा काळा मुलगा. ज्युरीत १२ जण, सगळे गोरे पुरुष. कारण ज्युरी निवडायची मतदारांतून, आणि काळ्यांना तिथे मतदार होऊच देत नव्हते! काळ्या पत्रकारांना कोपऱ्यात एक छोटं टेबल. तरीही टिलचे आजोबांच्या वयाचे नातलग मोझ राइट भर कोर्टात उभे राहिले आणि आरोपींकडे बोट दाखवलं.

६७ मिनिटांत निकाल आला. दोघे निर्दोष. चारच महिन्यांनी त्यांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. एकदा सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढे दुरुस्तीत कोर्टाची ती खोली बदलून गेली. पण २००७ मध्ये काउंटीतल्या काळ्या-गोऱ्या लोकांच्या समितीने याच कोर्टासमोर टिल कुटुंबाची जाहीर माफी मागितली. मग खोली पुन्हा १९५५ सारखी केली. २०२३ मध्ये ती राष्ट्रीय स्मारकाचा भाग झाली.

डाग पुसायचं सोडून गावाने तो जपला. जुनी कोर्टं पाडायला निघालेल्यांनी एकदा तरी विचारावं, या भिंतींनी काय ऐकलंय?